दार बाहेरून ओढून घ्या

आईबाबा, आज तुमच्याशी बोलायचंय. मुलांशी मी रोजच बोलते. सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि गेली बरीच वर्षं नोकरीच्या मुलाखतींची तयारी करून घ्यायचं कामही माझ्याकडे आहे. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर बायोडेटा का वाचून दाखवायचा नाही, एखादी गोष्ट येत नसेल तर ‘येत नाही’ कसं म्हणायचं, हे सगळं वर्गात होतं. पण २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि मुलाखत कंपनीच्या थंडगार खोलीतून उठून थेट तुमच्या घरात आली. साथ ओसरली तरी ती परत गेली नाही. आमच्या मुलांची पहिली फेरी, कधी कधी दुसरीही, आता व्हिडिओ कॉलवरच होते. ज्या कॉटवर तुमचं मूल झोपतं तिच्याच शेजारी बसून ते पुण्यातल्या, बंगळूरमधल्या, एखादवेळी न्यूयॉर्कमधल्या माणसाशी बोलतं. आणि भिंतीपलीकडे तुम्ही असता, जीव मुठीत धरून.

त्या भिंतीपलीकडच्या माणसांना कोणी काही सांगत नाही. म्हणून हे बोलणं.

पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘मॅडम, आम्हाला कुठं इंग्रजी येतं? आम्ही काय मदत करणार?’ असं म्हणून तुम्ही खुर्चीत मागे सरकता, आणि मला फार वाईट वाटतं. कंपनीतली मुलाखत असती तर तुमचं म्हणणं एक वेळ मानलं असतं. ही मुलाखत तुमच्या घरात होणार आहे. घंटागाडी किती वाजता गाणं लावून येते, शेजारच्यांचा मिक्सर कधी सुरू होतो, समोरच्या बांधकामावरचं ग्राइंडर दुपारी जेवायला किती वेळ थांबतं, दुपारी तीनला कोणत्या खिडकीतून ऊन आत येतं, हे तुमच्याइतकं तुमच्या मुलाला ठाऊक नाही. त्याला हे घर फक्त राहायला माहीत आहे. चालवलंय तुम्ही.

विजेचंच बघा. महावितरण दुरुस्तीसाठी लाईट बंद ठेवणार असेल तर त्याचा मेसेज वीजबिलाला जोडलेल्या मोबाईलवर येतो, आणि तो नंबर बहुतेक घरांत बाबांचा असतो. तुम्ही तो न वाचता पुसून टाकता. कित्येक गावांत या कामांचा वार ठरलेला असतो, पुण्यात गुरुवार. आपल्या गावचा वार वायरमनला विचारून ठेवा आणि मुलाखतीची तारीख कळली की आधी तो ताडून पाहा. मळ्यात घर असेल तर थ्री फेज कधी येते ते तुम्हालाच ठाऊक. आजूबाजूच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि वाय-फायचा डबा मान टाकतो. त्या डब्याला वीज अगदी थोडी लागते. घरात इन्व्हर्टर असेल तर पंख्याआधी या डब्याची जोडणी त्यावर घ्या. नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस बाजारात मिळतो, तो एकदाच घेऊन ठेवण्यासारखा आहे.

इंटरनेटचं गणितही तुम्हाला जमण्यासारखं आहे, कारण ते धान्याच्या डब्यासारखंच आहे. तासभराच्या व्हिडिओ कॉलला साधारण एक जीबी डेटा जातो. मोबाईलच्या पॅकमध्ये दिवसाला दीड-दोन जीबी मिळतो. त्या दिवशी सकाळी घरातल्या कोणी त्याच फोनवर सिनेमा बघितला तर दुपारी मुलाच्या वाट्याला काही उरत नाही. वेग तपासताना स्क्रीनवर दोन आकडे दिसतात. मुलं पहिला बघून खूश होतात. आपला चेहरा आणि आवाज पलीकडे पोचवणारा आकडा दुसरा, अपलोडचा. झूमच्या स्वतःच्या सूचनांप्रमाणे दोघांच्या चांगल्या कॉलला दोन्ही बाजूंनी ६०० केबीपीएस लागतात. हा काही मोठा वेग नाही. फक्त तो तासभर टिकायला हवा. म्हणून तुमचा फोन, तोही शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या सिमचा, पूर्ण चार्ज करून हॉटस्पॉट तयार ठेवून मुलाच्या टेबलावर द्या. आणि त्या तासात आत्याबाईंनी फोन करू नये हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. काही फोनवर कॉल आला की हॉटस्पॉटचं इंटरनेट तुटतं.

फोन द्याल तेव्हा अजून एक गोष्ट बघा, त्यावरचं नाव. माझ्या एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप ऐन वेळी बिघडला, ती वडिलांच्या फोनवरून जोडली गेली आणि मुलाखत घेणाऱ्यांना स्क्रीनवर वडिलांच्या दुकानाचं नाव दिसत राहिलं. त्यांनी दोन मिनिटं तिला आत घेतलंच नाही, कोणी चुकून आलंय असं समजून. नाव बदलायला दहा सेकंद लागतात, पण ते आदल्या दिवशी.

बाकी मांडामांड मुलांना आम्ही शिकवतो, ती थोडक्यात सांगते, म्हणजे मुलं पुस्तकं का रचतायत असं तुम्हाला वाटणार नाही. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवली की कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो, नाहीतर समोरच्याला नाकपुड्या आणि पंखा दिसतो. खिडकी पाठीशी आली तर चेहरा काळा पडतो, ती समोर हवी. इअरफोन वायरचा बरा, त्याचं चार्जिंग संपत नाही. कपडे पूर्ण घालायचे, खाली बर्म्युडा नको. मध्येच उठून ओळखपत्र आणायला सांगतात.

भिंतीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायचंय. मुलाखत ठरली की आईला पहिली काळजी पोपडे निघालेल्या भिंतीची असते. बाबा म्हणतात, मावसभावाच्या फ्लॅटवर जा, तिथे सोफा आहे. मी असे बरेच प्रसंग पाहिलेत. मूल परक्या घरात, परक्या खुर्चीवर, दुसऱ्याचा वाय-फाय वापरत अवघडून बसतं आणि पहिली दहा मिनिटं त्या अवघडण्यातच जातात. मुलाखत घेणारा माणूस भिंत बघायला बसलेला नसतो. साधी चादर दोन खिळ्यांवर ताणून लावली तरी पुरतं. मागचं दृश्य धूसर करायची सोयही असते. आजोबांचा फोटो काढून ठेवायची गरज नाही, देव हलवायची तर अजिबात नाही. आपलं घर लपवण्यासारखं आहे, हे त्या दिवशी सकाळी मुलाला तुमच्या धावपळीतून कळलं तर ते कॅमेऱ्यासमोरही तसंच बसेल.

हां, एकाच खोलीत पाच माणसं राहत असतील, लहान बाळ असेल, कोणी आजारी असेल, तर संकोच न करता कॉलेजला फोन करा. शिकून बाहेर पडून दोन वर्षं झाली असली तरी. आमच्याकडे खोली मिळते. गावच्या वाचनालयात, ग्रामपंचायतीत, शाळेत रविवारी विचारून बघा. आजवर कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

आता ज्याला तुम्ही अवघड समजता तो भाग, तयारी. इथेही तुम्ही लागता.

आमच्या एका मुलाचा प्रकल्प होता. जमिनीतला ओलावा मोजून ठिबकची मोटर आपोआप चालू-बंद करायची. इंग्रजीत तो घडाघडा सांगायचा, पाठच होतं त्याचं. मी म्हटलं, घरी जाऊन आईला मराठीत सांग. दुसऱ्या दिवशी आला तो वेगळाच चेहरा घेऊन. आईने सगळं ऐकून विचारलं होतं, ‘मोटर चालू झाली आणि पाणी आलंच नाही, विहीर आटली असेल, तर ती जळणार नाही का रे?’ तोवर ना मी हे विचारलं होतं, ना बाहेरून आलेल्या परीक्षकांनी. पोरगं रात्रभर बसलं आणि मोटर कोरडी चालू नये यासाठी काय करता येईल ते शोधून काढलं. त्यानंतर त्याचं इंग्रजी आपोआप सुधारलं, कारण आता त्याला सांगण्यासारखं काही होतं. ज्याला आपलं काम आईला मराठीत समजावता येतं त्याला ते कोणालाही समजावता येतं, असं मी अनुभवाने म्हणते. तेव्हा तुम्ही समोर बसा. काय अडचण होती, त्यात तुझं काम नेमकं कोणतं होतं, तू काय केलंस, शेवटी काय झालं, एवढे चार प्रश्न विचारा. कळलं नाही तर ‘कळलं नाही’ म्हणा. मान डोलावू नका.

एकदा शेजारच्या खोलीतून तुमच्या फोनवर खराखुरा व्हिडिओ कॉल लावा. आवाज तुटतो का, चेहरा अंधारात आहे का, बोलताना पोर कॅमेऱ्याकडे न बघता स्वतःच्याच चित्राकडे बघतंय का, हे सांगायला कुठलीही पदवी लागत नाही.

काही कंपन्यांच्या पहिल्या फेरीत तर समोर माणूसच नसतो. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला थोडा वेळ, मग दोन-तीन मिनिटं कॅमेऱ्याकडे बघत उत्तर द्यायचं, ते रेकॉर्ड होतं. हायरव्ह्यू नावाची अमेरिकन कंपनी यासाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी त्यांचं सॉफ्टवेअर उमेदवाराच्या चेहऱ्यावरचे भावही तपासायचं, टीका झाल्यावर ते त्यांनी बंद केल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. आमची मुलं या प्रकाराला सगळ्यात जास्त घाबरतात. यंत्राशी बोलताना त्यांचा आवाज सपाट होतो. सरावाच्या वेळी लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्याच्या बरोबर वर तुमचा चेहरा येईल असं बसा. दोन-तीन वेळा तुमच्याशी बोललं की मग तुम्ही नसतानाही ते तिथे तुम्हाला बघून बोलतं.

मुलींच्या आईबाबांना वेगळं सांगायचंय. मुलाची मुलाखत असली की घर श्वास रोखून बसतं, मुलीची असली की ‘अर्धा तासच आहे ना, मग पोळ्या कर’ असं होतं. माझ्या विद्यार्थिनी मला हे रडत सांगतात. एकीने हाताला पीठ असतानाच लिंक उघडली होती. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. हे वाचणाऱ्यांत सासूबाई-सासरे असतील तर त्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे. त्या दिवशी तिला सकाळपासून मोकळं ठेवा. पाहुणे आले तर चहा तुम्ही करा. अमेरिकेतली मुलाखत असेल तर ती नेमकी जेवणाच्या आणि मालिकांच्या वेळी येते. न्यूयॉर्कमधले सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ. त्या तासाला टीव्ही बंद असू दे, जेवणं मागेपुढे होऊ देत.

इथवर सगळं तुम्ही करायचं. यापुढे मात्र काहीच करायचं नाही, आणि तेच सगळ्यात कठीण आहे. मला स्वतःला ते जमलं नव्हतं.

२०२१ ची गोष्ट. माझ्या मुलीची मुलाखत होती, आमच्याच घरी, मागच्या खोलीत. शेकडो मुलांना तयार करणारी मी, दाराबाहेर कान लावून उभी होते. एका प्रश्नाला ती अडली. उत्तर तिला येत होतं. महिन्याभरापूर्वी मीच ते तिला समजावलं होतं. चार-पाच सेकंद शांतता गेली असेल. मला ती सोसवली नाही. मी दार बोटभर उघडलं आणि एक शब्द कुजबुजले. तिचे डोळे दाराकडे वळले. पलीकडच्या माणसाने अगदी सौम्यपणे विचारलं, ‘खोलीत अजून कोणी आहे का?’ ती म्हणाली, ‘आई दारात आहे.’ खोटं बोलली नाही. त्यांनी लॅपटॉप फिरवून खोली दाखवायला सांगितली. तिने दाखवली. मी तोवर स्वयंपाकघरात पोचले होते आणि माझे हात कापत होते.

तिथे तिचं झालं नाही. त्या कारणाने की दुसऱ्या कुठल्या, ते कोणी सांगत नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं. रात्री जेवताना तिने एवढंच विचारलं, ‘आई, मला येणार नाही असं वाटलं का गं तुला?’

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. मला वाटलं होतं मी मदत करतेय. तिला ऐकू आला तो माझा अविश्वास. ते चार सेकंद तिचे होते. ती आठवत होती, शब्द जुळवत होती. मुलाखत घेणारे तशा शांततेला घाबरत नाहीत, विचार करणारा माणूस त्यांना हवाच असतो. घाबरले होते ती मी.

म्हणून सांगते, मुलाखत सुरू झाली की दार बाहेरून ओढून घ्या आणि ऐकू येणार नाही इतकं लांब जा. देवळात जा, भाजी आणायला जा. कारण दुसरंही आहे. आत तुमचं मूल स्वतःबद्दल असं काही सांगणार असतं जे तुमच्यासमोर सांगणं त्याला जड जाईल. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले होते ते का राहिले. मधलं एक वर्ष रिकामं का गेलं. घरी पैशांची ओढाताण होती हेही ते सांगेल कदाचित. तुम्ही भिंतीपलीकडे आहात हे माहीत असलं की ते खरं उत्तर गिळून गुळगुळीत उत्तर देतं, आणि ते समोरच्याला लगेच कळतं. लाईट गेली, कॉल तुटला, तरी आत धावू नका. काय करायचं ते त्याने ठरवलेलं असतं. हॉटस्पॉट लावेल, फोन करून सांगेल. गडबड झाल्यावर ते कसं वागतं हेही पलीकडचा माणूस बघत असतो.

कुजबुजायला आता आई लागत नाही, हेही बोलून टाकते. प्रश्न ऐकून उत्तर स्क्रीनवर लिहून देणारी साधनं आली आहेत. काही घरांत मोठा भाऊ किंवा हुशार मित्र टेबलाखाली बसवतात. दुसऱ्यालाच मुलाखतीला बसवण्याचे प्रकारही घडले आहेत. ‘सगळेच करतात’ असं मूल म्हणेल. त्या क्षणी गप्प बसू नका. वाचून बोलणाऱ्याचे डोळे डावीकडून उजवीकडे ओळीने सरकतात, प्रत्येक उत्तराआधी सारखाच उशीर होतो, अनुभवी माणसाला ते पाच मिनिटांत दिसतं. या प्रकारांमुळे कंपन्या सावध झाल्या आहेत. किमान एक फेरी पुन्हा समोरासमोर घेणार असल्याचं गूगलच्या सुंदर पिचाईंनीही २०२५ मध्ये सांगितलं. आणि नाहीच पकडलं कोणी, तर पहिल्या दिवशी कामावर जो जाईल त्याला काहीच येत नसेल. ती भीती घेऊन तुमचं मूल रोज ऑफिसला जावं असं तुम्हाला वाटतं का?

पैशांचं सांगायचं राहिलं, आणि ते तुम्हालाच सांगायला हवं, कारण खातं तुमचं असतं. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर गप्पा मारून ‘मुलाखत’ घेतात, लगेच निवड कळवतात आणि मग नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत असं काही सांगून पैसे मागतात. तिथेच थांबा. आम्ही नोकरीसाठी पैसे घेत नाही, असं टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्या जाहीरपणे सांगत आल्या आहेत. पत्र खरं की खोटं ते कॉलेजला दाखवा, आम्ही अर्ध्या तासात बघून सांगतो. पैसे गेलेच असतील तर लाजेने दडवू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम रोखली जाण्याची आशा असते. मुलाला मात्र रागावू नका. तो आधीच मोडलेला असतो.

मुलाखत संपून दार उघडलं की तुमच्या ओठावर एकच प्रश्न येईल. तो विचारू नका. त्यालाही उत्तर माहीत नसतं. निकाल आठवड्याने येतो, महिन्याने येतो, पुष्कळदा येतच नाही, आणि ते न येणं नकारापेक्षा जास्त दमवतं. खायला द्या, झोपू द्या. आपणहून बोललं तर ऐका.

आमच्या भागात मुलाखतींचा काळ आणि उसाचा गळीत हंगाम एकाच वेळी येतो. दिवाळीपासून रस्त्यावर ट्रॅक्टर सुरू होतात, दोन-दोन ट्रॉल्या, आणि मोठ्याने लावलेला टेप. माझ्या एका विद्यार्थ्याचं घर अगदी अशा रस्त्याला लागून. मुलाखत दुपारी बाराची. वडिलांनी मला आधी विचारलं होतं, ‘मॅडम, मी काय करू?’ मी म्हटलं, लांब जा. ते गेले, पण गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबले. येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला हात करून सांगत होते, ‘दादा, जरा टेप बंद करा, पोराची मुलाखत चाललीय.’ सव्वा तास उन्हात. बंद करत होते सगळे. काहींनी इंजिनचा आवाजही कमी केला, असं ते म्हणाले.

त्या वेळी त्याचं काम झालं नाही. पण हंगाम अजून चालू होता आणि तेच ड्रायव्हर रोज त्याच रस्त्याने जात होते. वडील दिसले की ट्रॅक्टर हळू करून विचारायचे, ‘लागलं का पोराचं?’ मी त्या मुलाला विचारलं, मग बाबा काय सांगायचे? तो म्हणाला, ‘मॅडम, बाबा म्हणायचे, अजून नाही. पण सव्वा तास बोलला.’